इंदूरहून मॉरिशस: एवढ्याशा बेटावर आयटीचं काम मिळतं का?

सुपरकॉरिडॉरकर · सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

मी इंदूरचाच, लोकमान्य नगरचा. वय एकतीस. सुपर कॉरिडॉरवरच्या एका कंपनीत सात वर्षं बॅकएंडचं काम करतोय, जावा आणि पेमेंटच्या सिस्टिम. बायको घरून ऑनलाइन गणिताच्या शिकवण्या घेते. आई-बाबा आमच्याजवळच आहेत.

मागच्या डिसेंबरात आम्ही दोघं मॉरिशसला नऊ दिवस फिरून आलो. समुद्र सुंदर आहे हे सगळ्यांना माहीत आहे, पण माझ्या मनात बसलं ते एबेन, तिथला आयटी कंपन्यांचा भाग. उसाच्या शेतांतून गाडी वळते आणि एकदम काचेच्या इमारती, मेट्रोचं स्टेशन, गळ्यात आयकार्ड घालून जेवायला खाली उतरलेली पोरं. टॅक्सीवाले काका आमच्याशी भोजपुरीत बोलत होते. वाटलं, इथे राहता येईल.

परत आल्यावर तीन महिन्यांत पंचावन्न अर्ज टाकले. तीन उत्तरं आली. एकाने विचारलं, फ्रेंच येतं का. दुसऱ्याने विचारलं, सध्या मॉरिशसमध्येच आहात का. तिसऱ्याने आभार मानले.

प्रश्न असे:
इथून अर्ज करत राहू, की रजा घेऊन तिकडे जाऊन शोधू? नोकरीच्या ऐवजी बाहेरचं काम सोबत नेऊन तिथे राहणं जास्त शहाणपणाचं आहे का? आणि आई-बाबांचं काय, हे मी अजून त्यांना विचारलेलंही नाही.

ज्यांनी असं केलंय किंवा करून परत आलेत त्यांनी खरं काय ते सांगा.

---

रामबाग_चौक · सोमवार, रात्री ९:५८

भिया, नऊ दिवसांत तर आपली सराफ्याची खाऊगल्लीही पूर्ण खाऊन होत नाही आणि तू देश बदलून राहिला! आधी पावसाळ्यात एकदा जाऊन ये.

---

उसाचं_शेत · सोमवार, रात्री ११:२०

रामबाग दादा, तिकडे पावसाळा आपल्या हिवाळ्यापासून सुरू होतो, त्यामुळे डिसेंबर म्हणजे तसा तोच. 🙂

सुपरकॉरिडॉरकर, मी मूळची राजेंद्र नगरची. चार वर्षांपासून एबेनमध्येच आहे, गुंतवणूक फंडांचे हिशेब सांभाळणाऱ्या एका कंपनीत डेटाचं काम करते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, आकार डोक्यात पक्का बसव. मुख्य बेट आहे सुमारे १,८६५ चौरस किलोमीटरचं, म्हणजे आपल्या इंदूर जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी. माणसं साडेबारा लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत एकट्या इंदूर शहरात साडेएकोणीस लाख होती. पंचावन्न अर्ज तू केलेस ना? तुझ्या कामाच्या जागा देऊ शकतील अशा कंपन्यासुद्धा फार तर तेवढ्याच निघतील. तू अख्ख्या बाजारात पत्रकं वाटून आलास, आणि इथे भरती करणारे लोक एकमेकांना ओळखतात. एकाच नावाचा अर्ज चार वेगवेगळ्या पदांसाठी आला की दोघं जेवताना त्यावर बोलतात. हे मी स्वतः ऐकलंय.

दुसरी गोष्ट, काम कुठे आहे. एबेनच्या इमारतींमधली बरीच माणसं फ्रान्सच्या ग्राहकांचे फोन घेतात. ते काम फ्रेंच बोलणाऱ्याचं, आपलं नाही. आपल्यासाठी उरतात बँका, विमा, फंड सांभाळणाऱ्या कंपन्या, हॉटेलसमूहांच्या आरक्षणाच्या सिस्टिम, टेलिकॉम, आणि जुन्या साखर कारखान्यांतून वाढलेले मोठे उद्योगसमूह. स्टेट बँक आणि बँक ऑफ बडोदासुद्धा इथे आहेत. तुझं पेमेंटचं काम म्हणजे सोनं आहे, पण अर्जात तू "जावा डेव्हलपर" लिहिलं असशील तर ते कोणाला दिसणारच नाही. जावा येणारी मुलं इथल्या विद्यापीठातूनही निघतात. बँकेचं रात्रीचं सेटलमेंट (दिवसभराच्या व्यवहारांचे पैसे चुकते करणं) अडकल्यावर पहाटे तीनला ते सोडवलेला माणूस मात्र इथे मोजकाच सापडतो. बेटाला जे कमी पडतं ते तुझ्याकडे आहे, हे पहिल्या दोन ओळींत दिसू दे.

तिसरी, परवाना. नोकरीसाठी ऑक्युपेशन परमिट लागतो. ही पद्धत २००६ पासूनची आहे. राहण्याचा आणि काम करण्याचा परवाना एकत्रच मिळतो, इकॉनॉमिक डेव्हलपमेंट बोर्डामार्फत. त्याला किमान पगाराची अट असते आणि ती अर्थसंकल्पात बदलत राहते, म्हणून कोणाच्या जुन्या पोस्टवरचा आकडा धरू नकोस, माझ्याही नाही. अर्ज करशील त्या दिवशी बोर्डाच्या साइटवर बघ. आणि हा परवाना त्या नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की घड्याळ सुरू.

पर्यटक म्हणून येऊन लोकांना भेटायला हरकत नाही, काम मात्र एक दिवसही करायचं नाही. मी तशीच दोन आठवडे आले होते, नऊ जणांना भेटले. त्यातल्या सातव्या माणसाने आठव्याचं नाव दिलं आणि आठव्याने नोकरी.

---

सुपरकॉरिडॉरकर · सोमवार, रात्री ११:४५

ताई, अर्जात अगदी तेच लिहिलं होतं. "जावा डेव्हलपर, सात वर्षं." आज रात्रीच बदलतो.

---

जिरावण · मंगळवार, सकाळी ८:०५

मी थोडा वेगळा बोलणार. नोकरी शोधूच नकोस, काम घेऊन जा.

मॉरिशसने २०२० च्या नोव्हेंबरात प्रीमियम व्हिसा सुरू केला. एक वर्ष राहायचं, पुढे वाढवताही येतो. अट अशी की उत्पन्न मॉरिशसच्या बाहेरून आलं पाहिजे आणि तिथल्या नोकरीच्या बाजारात शिरायचं नाही. सुरुवातीला महिन्याला १५०० डॉलर उत्पन्न दाखवावं लागायचं. मी त्यावर फ्लिक-आं-फ्लाक या किनाऱ्यावरच्या गावी तेरा महिने राहिलो. काम एका जर्मन ग्राहकाचं, वेबसाइटच्या मागची बाजू सांभाळायचं.

घड्याळाचा फायदा बघ. तिथली वेळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. जर्मनीपेक्षा उन्हाळ्यात दोन आणि हिवाळ्यात तीन तास पुढे. सकाळी माझं स्वतःचं काम, दुपारी ग्राहकाच्या बैठका, साडेपाचला लॅपटॉप बंद करून पाण्यात. इंदुरात त्याच ग्राहकासाठी मी रात्री नऊपर्यंत बसायचो. आईला फोन करायलाही सोपं, तिचं जेवण झालं की माझी संध्याकाळ.

आणि हो, जाताना पोह्यांवर टाकायचा जिरावण मसाला घेऊन जा. पोहे भारतीय दुकानात मिळतात, शेवही मिळते कसलीतरी, पण जिरावण नाही. पहिल्या रविवारी जिरावणाशिवाय पोहे खाल्ले आणि घशाखाली उतरेनात.

---

रामबाग_चौक · मंगळवार, सकाळी ८:१७

जिरावणाशिवाय पोहे म्हणजे हळदीचा भात. आणि जलेबी?

---

जिरावण · मंगळवार, सकाळी ८:२१

जलेबी सणाला मिळते. पण तिथे सकाळी रस्त्यावर दाल पुरी मिळते, ते लोक धोल पुरी म्हणतात. चण्याची डाळ भरलेली मऊ पातळ पोळी, जोडीला रस्सा आणि मिरचीची चटणी. दोन गुंडाळून कागदात देतात. आपल्या पुरणपोळीची तिखट मावसबहीण. तेरा महिन्यांत कंटाळा आला नाही.

---

दोन_मॉनिटर · मंगळवार, सकाळी १०:३०

जिरावणभाऊंनी त्यांचं स्वतःचं काम नेलं, ते वेगळं. सुपरकॉरिडॉरकर नोकरदार आहे. आपल्या कंपनीचा लॅपटॉप घेऊन बेटावर बसायचा विचार असेल तर माझं ऐक.

मी २०२२ मध्ये मॅनेजरच्या तोंडी परवानगीवर परदेशात बसून काम केलं. सहाव्या दिवशी लॉगिन बंद. ग्राहकाच्या करारात लिहिलेलं होतं की त्याचा डेटा भारताबाहेरून उघडायचा नाही. मॅनेजरने हात वर केले आणि लेखी ताकीद माझ्या नावावर आली. दोन वर्षं बढती अडकली. पेमेंटचं काम असेल तर नियम आणखी कडक. व्हिसा त्या देशाने दिला म्हणजे कंपनीनेही दिला असं होत नाही. दोन्ही कागद हातात हवेत, आणि कंपनीचा लेखी.

---

ताळेबंद · मंगळवार, दुपारी १:१२

मी सीए आहे, स्नेहलतागंजात ऑफिस. कराचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

भारतातलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. मॉरिशसचं जुलै ते जून. ही एक गोष्ट न कळल्यामुळे माझ्याकडे लोक गोंधळून येतात. तिथे साधारणपणे एका वर्षात १८३ दिवस राहिलात की तुम्ही तिथले करदाते रहिवासी. इथे नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाचं मोजमाप १८२ दिवसांचं. दोन्हीकडच्या आर्थिक वर्षांच्या सीमा वेगळ्या असल्यामुळे तुम्ही काही महिने दोन्हीकडचे रहिवासी ठरू शकता. दोन देशांमध्ये दुहेरी कर टाळण्याचा करार १९८३ पासून आहे, २०१६ मध्ये त्यात दुरुस्ती झाली, पण तो बहुतेक लोकांना फंड आणि शेअरच्या बातम्यांमधूनच माहीत. पगारदार माणसालाही तो लागू पडतो, फक्त तिथलं कर रहिवासाचं प्रमाणपत्र मागून घ्यावं लागतं. ते वेळेवर मागा.

म्हणून सोपा सल्ला: ऑफर आली की निघण्याची तारीख ठरवायच्या आधी दिवस मोजा. इथलं बचत खाते एनआरओ (परदेशात राहणाऱ्या भारतीयाचं खातं) करून घ्या. ते न करता वर्षानुवर्षं तसंच चालवणारे खूप आहेत आणि नंतर बँक गोठवते तेव्हा धावपळ करतात.

---

सुपरकॉरिडॉरकर · मंगळवार, दुपारी १:४०

ताळेबंद काका, खूप आभार. जुलै-जूनचं मला अजिबातच माहीत नव्हतं.

---

विजयनगर_४ · मंगळवार, दुपारी ३:०२

मॉरिशसच का? बार्बाडोस बघ. वेलकम स्टॅम्प म्हणून बारा महिन्यांचा व्हिसा आहे, २०२० पासून. इंग्रजी बोलतात, क्रिकेट आहे. आणि काय पाहिजे?

---

जिरावण · मंगळवार, दुपारी ३:१५

मी बघितलं होतं. वर्षाला ५०,००० डॉलर उत्पन्नाची अट आणि २,००० डॉलर फी. आणि वेळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. आईचा फोन यायचा तेव्हा मी झोपेत आणि मी करायचो तेव्हा ती. क्रिकेट मात्र मान्य.

---

आजीचं_वाचन · मंगळवार, संध्याकाळी ५:३०

मी निवृत्त शिक्षिका, इतिहास शिकवायचे. कामाधंद्याचं मला फार कळत नाही, पण मॉरिशस म्हटल्यावर एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

१८३४ पासून तिथे हिंदुस्थानातून करारावर मजूर जाऊ लागले. गुलामगिरी संपवणारा कायदा झाल्यावर उसाच्या मळ्यांना हात हवे होते. पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांत साडेचार लाखांहून जास्त माणसं पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. तो धक्का म्हणजे आप्रवासी घाट, २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. त्यात बिहार-उत्तर प्रदेशातले जास्त, तमिळ-तेलुगू होते, आणि आपल्या कोकणातलेही होते. त्यांची नातवंडं-पणतवंडं आजही तिथे स्वतःला मराठी म्हणतात. शाळेत मराठी शिकायची सोय आहे. गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. जगात दुसऱ्या कुठल्या देशात तशी सुट्टी आहे, सांगा मला! दुसरी जागतिक मराठी परिषदही १९९१ मध्ये मॉरिशसलाच झाली होती.

मी २००९ मध्ये गेले होते तेव्हा काही पायऱ्या चढून त्या घाटावर उभी राहिले. खाली समुद्र. वाटलं, इथे उतरलेल्या बाईला परतीचं जहाज कधी आहे हे सांगायलाही कोणी नसेल.

तुम्ही लोक परवाना नोकरीला बांधलेला असतो म्हणालात, तेव्हा ते आठवलं. आजच्या परवान्याची आणि त्या कराराची बरोबरी मी करत नाही. तुम्ही शिकलेले आहात, विमानाचं तिकीट काढून परत येऊ शकता. पण कागदावर सही करताना प्रत्येक ओळ वाचा, एवढंच म्हणते. त्यांना वाचता येत नव्हतं. तुम्हाला येतं.

---

उसाचं_शेत · मंगळवार, रात्री १०:५०

आजी, वाचून डोळ्यांत पाणी आलं.

माझ्या ओळखीचं एक कुटुंब कास्कावेलला राहतं. घरात सगळे क्रिओल, म्हणजे इथली रोजची भाषा, बोलतात. आडनाव मराठी, लिहितात फ्रेंच धाटणीने, पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ओळखूच आलं नाही. गणपतीत त्यांच्याकडे गेले. आरती सुरू झाली आणि एकेक शब्द स्वच्छ, आपल्यासारखाच. नंतर बायका झाकरी नाचल्या. आरती संपल्यावर तिथल्या आजींनी मला विचारलं, "तू रत्नागिरीची का?" मी म्हटलं, नाही, इंदूरची. त्यांना इंदूर कुठे ते ठाऊक नव्हतं. मग मी अहिल्याबाईंचं नाव घेतलं, काशीचं मंदिर बांधणाऱ्या, तर लगेच हात जोडले.

नोकरीला याचा काय उपयोग असं कोणी म्हणेल. माझ्या आताच्या बॉसची बायको त्याच मंडळात येते. मी काही त्यासाठी गेले नव्हते. पण छोट्या बेटावर देऊळ, ऑफिस, बाजार या वेगवेगळ्या जागा नसतात.

---

क्रिस्टल_पार्क · बुधवार, सकाळी ९:१०

भावना ठीक आहेत पण मला मुद्द्याचं बोलायचंय, आणि मी उसाचं शेत ताईंशी असहमत आहे.

मी तीन वर्षं तिकडे काढून आलो. काम मिळतं हे खरं. प्रश्न पुढच्या कामाचा आहे. इंदुरात, पुण्यात, बेंगळुरूत नोकरी आवडली नाही तर रस्ता ओलांडून दुसरीकडे जातो. तिथे माझ्या प्रकारच्या जागा चार. एकात मी, एकात माझा मित्र, एकात त्याचा साडू, चौथीत बारा वर्षांपासून बसलेले एक गृहस्थ जे निवृत्तीलाही तयार नाहीत. दुसऱ्या वर्षापासून मी तेच काम पुन्हा करत होतो. कामाचा आवाकाच लहान. आपल्याकडे पेमेंटची सिस्टिम दिवसाला जेवढे व्यवहार पेलते तेवढे तिथे महिन्यात होत नसतील. परत आलो तेव्हा मुलाखतीत मला विचारलं, मोठ्या भाराखाली शेवटचं काम कधी केलंत? उत्तर देता आलं नाही.

पगाराचंही बघा. एक मॉरिशियन रुपया म्हणजे साधारण पावणेदोन-दोन भारतीय रुपये, म्हणून आकडा ऐकून लोक हुरळतात. पण तिथे किराण्यातलं बहुतेक बाहेरून जहाजाने येतं. दूध तर भुकटीचंच जास्त पितात. माझी बायको आपल्या सांची दुधाच्या पिशवीची आठवण काढून हळहळायची. गाडी लागते. वर्षातून एकदा चौघांचं विमानाचं भाडं. तेरावा पगार मिळतो डिसेंबरात, आमचा तो पूर्ण तिकिटातच जायचा.

---

उसाचं_शेत · बुधवार, दुपारी १२:४०

क्रिस्टल दादा, आवाक्याबद्दल तुमचं बरोबर आहे, मी वाद घालत नाही. पण एक बाजू राहिली. इंदुरात मी अडीचशे जणांच्या टीममध्ये एका सेवेचा एक कोपरा सांभाळायचे. इथे आम्ही सहा जण आहोत. सर्व्हर कुठला घ्यायचा ते ऑडिटरला काय सांगायचं इथपर्यंत सगळं मी केलंय. डेटा मुंबईच्या क्लाउडमध्ये ठेवायचा की केप टाउनच्या, यावर मीच टिपण लिहिलं आणि कंपनीच्या संचालकांपुढे मांडलं. इंदुरात ते माझ्यापर्यंत पोहोचायला पंधरा वर्षं लागली असती. खोली मिळते की रुंदी, हे आपल्याला काय हवंय त्यावर आहे. तुम्हाला खोली हवी होती, ती इथे खरंच कमी आहे.

---

क्रिस्टल_पार्क · बुधवार, दुपारी १:०५

हे मान्य. असं कोणी मला जाण्याआधी सांगितलं असतं तर मी दीड वर्षात परतलो असतो, तीन नाही.

---

नेटवर्कवाला · बुधवार, दुपारी २:२५

क्लाउडचा विषय निघाला म्हणून थोडं विषयांतर. बेटाचं इंटरनेट समुद्राखालच्या केबलवर चालतं. सेफ नावाची एक केबल दक्षिण आफ्रिकेहून मॉरिशसमार्गे येते आणि आपल्या कोचीला लागते, तिथून पुढे मलेशियात पेनांगला. २००२ पासून चालू आहे. नंतर आणखी केबल आल्या. आणि आफ्रिका खंडाला आयपी पत्ते वाटणारी आफ्रिनिक ही संस्थाही एबेनमध्येच बसते. नेटवर्कचं काम करणाऱ्याने बेट लहान म्हणून सोडून देऊ नये, जितकं लहान बेट तितकी त्याला बाहेरच्या जोडणीची गरज जास्त.

---

रामबाग_चौक · बुधवार, दुपारी २:४०

म्हणजे मी इथून पाठवलेला गुड मॉर्निंगचा फोटो कोचीहून समुद्रात उडी मारून जातो? आता रोज पाठवणार.

---

जिरावण · बुधवार, संध्याकाळी ६:००

केबलपेक्षा वीज बघा. चक्रीवादळाचे चार इशारे असतात, पहिला ते चौथा. तिसरा लागला की बस बंद, ऑफिस बंद, घरात बसा. २०२४ च्या जानेवारीत बेलाल आलं तेव्हा पोर्ट लुईच्या रस्त्यांवर गाड्या एकावर एक चढलेल्या सगळ्यांनी व्हिडिओत पाहिल्या. मी तेव्हा तिथेच होतो. तीस तास वीज नाही. जर्मन ग्राहकाचं रिलीज (नवी आवृत्ती चालू करणं) त्याच दिवशी. शेजारच्या काकांनी त्यांच्या गाडीच्या बॅटरीवर माझा राउटर आणि फोन चालवून दिला, पैसे विचारले तर रागावले. ग्राहकाला आधीच कळवून ठेवायला हवं होतं, नोव्हेंबर ते एप्रिल मोठं रिलीज ठेवू नका म्हणून. नंतर करारातच तसं लिहून घेतलं.

---

धार_रोड · बुधवार, रात्री ९:३३

एजंटांबद्दल कोणीच बोललं नाही. माझ्या चुलतभावाला इथल्याच एका कन्सल्टन्सीने "बेटावर आयटीची पक्की नोकरी" म्हणून एक लाख ऐंशी हजार घेतले. ऑफर लेटरवर कंपनीचं नाव, शिक्का, सगळं. तिकडे फोन केला तर त्या पत्त्यावर कपड्याचं दुकान. पोलिसात तक्रार दिली, वर्ष होत आलं.

परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणारा एजंट १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली नोंदलेला असावा लागतो. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट साइटवर नाव शोधता येतं. तो उमेदवाराकडून किती पैसे घेऊ शकतो यालाही मर्यादा आहे, ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी. आमच्या घरात हे कोणालाच माहीत नव्हतं. भाऊ अजून कोणाशी धड बोलत नाही. कृपा करून पैसे देण्याआधी तेवढं तपासा.

---

उसाचं_शेत · बुधवार, रात्री १०:१५

धार रोड, वाईट वाटलं ऐकून. ऑक्युपेशन परमिटचा अर्ज कंपनी आणि उमेदवार मिळून करतात, मला मध्ये कोणी लागला नाही. भावाला सांगा, चूक त्याची नाही.

---

सुधा_मावशी · गुरुवार, सकाळी ७:२०

बाळ, तुझा शेवटचा प्रश्न सगळ्यांनी बाजूला ठेवला. मी त्याचं उत्तर देते, कारण मी दुसऱ्या बाजूला बसलेली आहे.

माझा मुलगा अकरा वर्षं परदेशात आहे. जाताना त्याने आम्हाला सांगितलं नव्हतं, नोकरी पक्की झाल्यावर पेढे घेऊन आला. आम्ही पेढे खाल्ले. रात्री हे म्हणाले, "आपल्याला विचारलं असतं तरी आपण होच म्हटलं असतं ना?" हो म्हटलंच असतं. पण न विचारलेलं राहतं मनात, आजही.

ह्यांची बायपास झाली तेव्हा तो एकेचाळीस तासांनी पोहोचला. तुझं बेट जवळ आहे. मुंबईहून सहा तासांचं विमान. पण इंदूर-मुंबई धर, मध्ये थांबायचं धर, आणि विमान रोज मिळेलच असं नाही तेही धर. मग शेजारच्या कोणाकडे किल्ली आहे, दवाखान्यात सही कोण करणार, हे कागदावर लिही. आई-बाबांसमोर बसून लिही. त्यांना अजून काही ठरलेलं नसताना विचार. ठरल्यावर विचारणं म्हणजे कळवणं.

---

आजीचं_वाचन · गुरुवार, सकाळी ७:५५

सुधाताई, अगदी अगदी.

---

सुपरकॉरिडॉरकर · रविवार, रात्री ८:३०

मंडळी, पाच दिवस लिहिलं नाही. मावशी, तुमचं वाचलं त्याच संध्याकाळी आई-बाबांसमोर बसलो.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग आतून जुनी वही आणली. १९८८ मध्ये त्यांना मस्कतला नोकरी आली होती, आजोबांनी नको म्हटलं म्हणून गेले नाहीत. मला आजवर माहीत नव्हतं. म्हणाले, "मी तुला नको म्हणणार नाही. दोन वर्षांनी आपण परत बसू आणि बोलू, एवढं लिहून ठेव." आईने विचारलं, तिकडे तुळस लागते का. लागते ना हो?

किल्ली समोरच्या काकूंकडे. दवाखान्याचं मामेभाऊ बघणार, तो अन्नपूर्णा रोडलाच आहे. लिहून फ्रिजवर लावलं.

नोकरीचं: अर्ज नव्याने लिहिला. पहिली ओळ "बँकांमधलं सेटलमेंट आणि बिघाड झाल्यावर ते पुन्हा चालू करणं." पंचावन्न ठिकाणी नाही, चारच ठिकाणी पाठवला, प्रत्येकाला वेगळं पत्र. दोन उत्तरं आली. एका बँकेबरोबर पहिली फेरी झाली, सगळी इंग्रजीत. त्यांनी विचारलं की सिस्टिम मध्येच बंद पडून अर्धे व्यवहार झाले तर काय कराल. ते मी मागच्या दिवाळीत प्रत्यक्ष केलंय, तासभर बोललो. दुसरी फेरी येत्या गुरुवारी.

क्रिस्टल दादा, तुमच्यामुळे मी त्यांना व्यवहारांची संख्या विचारली. कमीच आहे. पण पूर्ण सिस्टिम बदलायचं काम दोन वर्षांचं आहे आणि सुरुवातीपासून असेन. दोन वर्षांनी परत बसायचंच आहे घरी.

काम सोबत न्यायचं मात्र सोडून दिलं. दोन मॉनिटर म्हणाले तसं कंपनीला लेखी विचारलं, तासाभरात नाही आलं.

आता प्रश्न: गुरुवारी मी काय विचारू? आणि डिग्रीचे कागद आधीच करून ठेवू का?

---

क्रिस्टल_पार्क · रविवार, रात्री ८:५२

पूर्ण बदलायचं काम असेल तर जा. मलाही तसं मिळालं असतं तर परत आलो नसतो.

विचार: प्रकल्प मध्येच थांबला तर मला कुठे ठेवाल? आणि परमिट पूर्ण मुदतीचा काढणार की प्रकल्पापुरता?

---

उसाचं_शेत · रविवार, रात्री ९:४०

तुळस लागते, छान लागते. इथल्या कितीतरी अंगणांत आहे. आईंना सांग, रोप आणू नका, विमानतळावर झाडं-बिया अडवतात. माझ्या कुंडीतली फांदी देईन.

कागद आत्ताच सुरू कर. डिग्रीवर आधी राज्याची मोहर आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा दाखला), माझे यातच साडेपाच आठवडे गेले होते. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा केंद्रातून. रक्ताच्या तपासण्या आणि छातीचा एक्स-रे मात्र आधी करू नकोस, जुना झाला तर परत करावा लागतो.

गुरुवारी आणखी एक विचार: टीममध्ये आपसात कुठली भाषा बोलतात. कामाचं सगळं इंग्रजीत असेल, पण जेवणाच्या टेबलावर क्रिओल चालते आणि खरे निर्णय तिथे होतात. मी सहा महिने डबा घेऊन माझ्या जागेवरच बसले, ती माझी चूक. तू पहिल्या दिवसापासून त्यांच्यात जाऊन बस. "की मान्येर" म्हणजे कसं काय. एवढं आलं की पुढचं ते शिकवतात.

---

जिरावण · रविवार, रात्री ९:४४

आणि डबीत जिरावण दोघांपुरतं नको नेऊस. टेबलावरचे सगळे मागतात.

---

सुधा_मावशी · सोमवार, सकाळी ६:५०

गुरुवारी झाली की आधी घरी सांग, मग इथे.